गोळाभाताचं झाकण

माझ्या हातांवर हजाराच्या वर लेकरं जन्मली. त्यांतलीच एक पुढे माझी सून झाली, आणि त्याच सुनेनं स्वतःच्या बाळंतपणात मला दाराबाहेर ठेवायचं ठरवलं. का, ते कळेना. मी सिंधू. मौद्याजवळच्या एका उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होते, आणि राग माझ्या नाकावर असतो हे नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीतलं कोणीही सांगेल. त्यामुळे राग तर आलाच. पण या वेळी रागापेक्षा कुतूहल मोठं निघालं.

झालं ते असं. मोनालीला आठवा महिना लागला तेव्हा तिला घेऊन मी सदर भागातल्या दवाखान्यात तपासणीला गेले. आता प्रसूतीच्या खोलीत घरची एक बाई सोबतीला बसू देतात. माझ्या काळात आम्ही नातेवाइकांना व्हरांड्याच्या पुढे सरकू देत नव्हतो. तिथली वैदेही सिस्टर, वयानं माझ्या मुलीएवढी, कागद पुढे ओढून म्हणाली, "सोबत कोण राहीन?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी मोनाली म्हणाली, "आई. प्रयागबाई लिहा."

ती मला मम्मी म्हणते आणि तिच्या आईला आई. मी तोंड मिटलं. आई ती आईच, आणि पहिलं बाळंतपण माहेरचंच असतं. फक्त तिचं बीपी जरा वर होतं, म्हणून तिनं गावी न जाता नागपुरातच राहायचं असं ठरलं, आणि नववा लागल्यावर माहेरच आमच्या घरी आलं. प्रयागबाई एका हातात जवसाची पिशवी आणि दुसऱ्या हातात जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं घेऊन उतरल्या. मला पाहून म्हणाल्या, "जयभीम, सिस्टर." विहीण होऊन दोन वर्षं झाली, तरी त्या मला सिस्टरच म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, निवडत होते. मायलेकी बाहेरच्या खोलीत होत्या. प्रयागबाईंचा आवाज आला, "मी त्या खोलीत नाई येत, मोना. नावानंच माहे पाय लटलट कापून राहिले."

"अवं, पण नाव लिवलं ना तुहं!"

"तुह्या सासूले ने. सिस्टर आहे त्या. त्याईले सगळं समजते."

मोनालीनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "नाही. मग मी एकटीच जाईन."

सांबाराची अख्खी जुडी मी काड्या-मुळांसकट चिरून टाकली.

आमच्या घरात हा प्रश्न सोडवायला मदत करील असं माणूस कमीच. गोविंदा, माझे यजमान, वीज केंद्रातून रिटायर झाल्यापासून फक्त पेपर वाचतात आणि टोमणे मारतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुह्या आवाजानं बाजारातली भाजीवाली न मागता लसूण टाकते पिशवीत. ते पोट्टी घाबरली असंन तं तिचं काय चुकलं वं?" मुलगा प्रशिक म्हणाला, "मम्मी, तिले जे बरं वाटते ते करू दे ना." सगळ्यांना सगळं मान्य. म्हणजे सगळ्यांना काहीतरी माहीत होतं, आणि मलाच नव्हतं.

मला फार लागलं होतं, हे आता सांगून टाकते. ही पोर जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेणारी मी. लग्नात स्टेजवर माइक घेऊन मीच सांगितलं होतं, "सून शोधून नाही आणली, माह्या हातानंच जगात आणली! हिची नाळ मी कापली!" सगळा मंडप हसला होता, टाळ्या पडल्या होत्या. प्रयागबाई तेवढ्या ताटातल्या बुंदीकडे पाहत होत्या. लेक सासरी चालली म्हणून त्यांना भरून आलं असेल, असं मी धरून चालले होते.

शेवटी मी मेघाला फोन लावला. माझी मुलगी नवऱ्यासोबत हॉलंडमध्ये आइंडहोवन नावाच्या गावात राहते. मागच्या हिवाळ्यात तिचं बाळंतपण करायला मी तीन महिने तिथे जाऊन आले. तिनं सगळं ऐकलं; मागे तिच्या पोराचा खुळखुळा वाजत होता.

"मम्मी," ती म्हणाली, "हन्नेकेनं, त्या सुईणीनं, तुले काय इचारलं होतं, आठवते का?"

"शंभर गोष्टी इचारल्या तिनं. सुईण होती का चौकशीची खिडकी?"

"मनगटाचं. गोळाभाताच्या दिवशीचं."

मला आठवलं. आठवलं, पण त्याचा मोनालीशी काय संबंध, ते कळायला मला आणखी दोन दिवस लागले. म्हणून आधी ते हॉलंडचं सांगते.

मी निघाले तेव्हा बॅगेत डिंक, मेथ्या, खारका, बाळंतशेपा, आणि डिंकाच्या डब्याखाली लपवून हातमोज्यांचे चार जोड आणि नाळेला लावायचे दोन चिमटे. परक्या देशाचा काय भरवसा? पोचल्यावर मेघानं सांगितलं, बाळंतपण घरीच करायचं आहे. तिकडे तशी रीत आहे. सगळं नीट असलं तर सुईण घरी येते, आणि अडलं तर दवाखाना दहा मिनिटांवर. मी खालीच बसले. एकतीस वर्षं मी दारोदार हेच सांगत फिरले, की बायांनो, घरी बाळंत होऊ नका. एका म्हातारीनं त्यासाठी माझ्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. आणि माझीच पोरगी! गोविंदांना फोनवर सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले.

मग हन्नेके आली. साठीची, उंच, सायकलवरून. आल्या आल्या तिनं मेघाच्या पोटाला नाही, पलंगाला हात लावला. टेपनं उंची मोजली आणि जावयाला म्हणाली, याच्या पायांखाली ठोकळे लावून एवढा वर उचलायचा. कशासाठी, असं मी विचारलं. मेघानं इंग्रजीतून विचारून मला सांगितलं, "तिच्या पाठीसाठी. वाकून वाकून सुईणीची पाठ जाते म्हणते." मी त्या ठोकळ्यांकडे पाहतच राहिले. माझी पाठ गेली त्याला पंधरा वर्षं झाली. कोणाला, मला स्वतःलासुद्धा, टेबलाखाली ठोकळा घालायचं सुचलं नव्हतं. तेव्हापासून ती बाई मला आवडायला लागली, आणि मी तिच्यावर नजर ठेवायला लागले.

ती प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. नुसती गप्प. आपण कसं, "झोप लागते का? नाही? चहा कमी कर," असं एका दमात मोकळं होतो. ही विचारणार, "झोप कशी आहे?" आणि मांडीवर हात ठेवून बसणार. पहिल्यांदा मला वाटलं, बाई विसरली पुढचं. पण मेघा थोड्या वेळानं आपणहून बोलायला लागली. मला कधी न सांगितलेलंही बोलली. तिला भीती वाटत होती, की मी तिथे असताना तिला नीट रडता येणार नाही. हे ती इंग्रजीत बोलली, आणि मला समजणार नाही असं तिला वाटलं. एवढं इंग्रजी मला येतं.

एका दुपारी मी हन्नेकेला जेवायला थांबवलं. गोळाभात केला. तिला सगळं पाहायचं होतं, म्हणून ती माझ्या शेजारीच उभी. भरड बेसनात तिखट, मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून गोळे वळले, भात अर्धा शिजल्यावर त्यावर हलक्या हातानं ठेवले, आणि झाकण लावून गॅस बारीक केला. मग काही करायचं नाही. चमचा घातला तर गोळे फुटतात, झाकण उघडलं तर वाफ जाते आणि ते आतून कच्चे राहतात. हे मी मेघाकरवी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, आणि दोन मिनिटांनी झाकण उघडून पाहिलं.

मी लावलं. तिनं पुन्हा उघडलं. ही बाई तासन् तास गप्प बसते म्हणून मी हिचं कौतुक करत होते, आणि हिला भात शिजेपर्यंत दम निघेना. चौथ्या वेळी तिचा हात झाकणाकडे गेला आणि मी तिच्या मनगटावर फटकन चापट मारली. लहान पोराला मारावी तशी. हात आपसूकच गेला.

हन्नेके रागावली नाही. ती मनगटाकडे पाहत राहिली, आणि मग तिनं विचारलं. मेघा जरा थांबून म्हणाली, "ती विचारून राहिली, बाळंत होणाऱ्या बायांनाही तू असंच मारत होती का?"

त्या प्रश्नात टोचणी नव्हती. पलंग किती उंच आहे, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. मी हसले. "तिले सांग, थोडं थोडं. त्याशिवाय बाया जोर लावत नाही. कामाचा भाग असते तो." मेघानं हे सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ती हसत मात्र नव्हती.

आठवड्याभरानं मेघा बाळंत झाली, सकाळी, उंच केलेल्या पलंगाशेजारी, एका बुटक्या स्टुलावर. मी 'जोर लाव!' म्हणायला श्वास भरला, तेवढ्यात हन्नेकेनं माझ्याकडे पाहिलं. ती खुर्चीवर बसली होती आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांड्यांखाली होते. स्वतःच्याच हातांवर बसली होती बाई! डोळ्यांनीच मला म्हणाली, तूही बस. मी बसले. आयुष्यातली ती सगळ्यात लांब चाळीस मिनिटं. मेघा ओरडली, मला शिव्या घातल्या, जावयाला घातल्या, आणि पोराला जन्म दिला. हन्नेकेनं हात बाहेर काढले ते पोर झेलायला. काम असतं तेव्हा तिचे हात विजेसारखे चालायचे. काम नसलं की ती ते दाबून ठेवायची. मी बाळंतपणात हाच गोळाभात एकतीस वर्षं ढवळत आले होते, हे मला तेव्हा थोडंसं कळलं. आम्ही दोघीही अर्ध्या अर्ध्या शहाण्या.

तिकडे बाळ पाहायला आलेल्यांना टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळलेल्या बडीशेपेसारख्या गोळ्या पसरून देतात. का, विचारलं तर म्हणे, आईला दूध यावं म्हणून. म्हणजे आपला बाळंतशेपाच की! ही गोष्ट मी नागपुरात परत आल्यावर सगळ्यांना सांगितली. मनगटाची कोणालाही सांगितली नाही. मीही विसरले.

तर मेघानं फोनवर त्या मनगटाची आठवण दिली, आणि मी मोनालीच्या जन्माचा दिवस पुन्हा आठवायला बसले. सव्वीस वर्षं झाली, तरी सगळं डोळ्यांसमोर होतं. बाळ सुखरूप आलं, वार पडली, आणि प्रयागबाईंचं रक्त थांबेना. मी पोट दाबून धरलं, जीप बोलावली, मौद्यापर्यंत हात काढला नाही. त्या वाचल्या. हे मी कितीदा तरी अभिमानानं सांगितलं आहे. त्याच्या आधीचं मात्र काहीच आठवेना. रक्त जायच्या आधी ती बाई कशी होती, काय म्हणत होती, कोरं. ओरडत असेल. सगळ्याच ओरडतात.

दोन दिवस मी नुसती घरात फिरत होते. मग ठरवलं, विचारायचं. पण हन्नेकेसारखं. एकच प्रश्न, आणि मग तोंड बंद. तोंड बंद ठेवायला मला काहीतरी आधार हवा होता, म्हणून मी गोळाभात टाकला.

मोनाली दुपारची झोपली होती. प्रयागबाई ओट्याशी येऊन गोळे वळू लागल्या. त्यांचे गोळे माझ्यापेक्षा सुबक. भातावर ठेवून झाले, मी झाकण लावलं, गॅस बारीक केला आणि विचारलं, "प्रयागबाई, मोनालीच्या वेळी मी तुमच्याशी कशी वागली होती?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "चांगल्याच वागल्या, सिस्टर."

पूर्वीची मी असते तर 'मग?' म्हणून अंगावर गेले असते. मी झाकणाकडे पाहत राहिले. कडेनं वाफ यायला लागली. बाहेर कोणाचा तरी हॉर्न वाजून गेला. जिभेवर चार वाक्यं आली आणि मी ती गिळली. एवढा वेळ गप्प राहिलेली मी माझ्या तरी आठवणीत नाही.

"तुम्ही इचारलं म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता, पातेल्याकडे पाहत. "पयलं बाळंतपण होतं. मी लई ओरडत होती. तुम्ही मांडीवर चापट मारली. एक नाई, दोन. पाच बोटं उठली होती. आन म्हणलं, 'नवऱ्यापाशी गेली तवा नाई रडली, आता काहून रडून राहिली?'"

माझी नजर माझ्याच पंजावर गेली.

"माराचं काई नाई. मार तं घरीबी खाल्ला. पण बाहेर बाकड्यावर माहे सासरे बसले होते. त्याईनं आयकलं ते. मी आत आयकलं, का ते खाकरले. बारा वर्ष जगले ते मंग. मी त्याईच्या समोर मान वर केली नाई. भाकर वाढाची तं भिंतीकडं पाहून."

ते वाक्य माझंच होतं. ती दुपार मला आठवत नव्हती, पण वाक्य ओळखलं. ते मला माझ्या पहिल्या वर्षी मोठ्या सिस्टरनं शिकवलं होतं, गणवेशाचा पट्टा कसा बांधायचा ते शिकवावं तसं, आणि मी ते किती खोल्यांत, किती बायांना म्हटलं याचा हिशेब नाही. बाया गप्प व्हायच्या. मला वाटायचं, लागू पडलं. एका बाईनं सव्वीस वर्षं उरात बाळगलेली गोष्ट मला कामाच्या घाईत आठवतही नव्हती. मारल्याची लाज वाटलीच, पण विसरल्याची त्याहून जास्त वाटली.

"मग पोरगी काहून दिली माह्या घरी?" मी विचारलं. हा दुसरा प्रश्न होता, पण तो आवरला नाही.

"पोरगा चांगला होता. आन..." त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "जीवबी तुम्हीच वाचवला ना, सिस्टर. दीड घंटा माह्या पोटावरचा हात नाई काढला. मंग चहात बिस्कीट बुडवून तुमच्या हातानं चारलं. तोच हात. कोणचं धरावं आन कोणचं सोडावं, मले आजून समजलं नाई. मोनालीले मी सांगतलं होतं, बोलू नको, झालं ते झालं. पण ते लहानपणापासून आयकत आली."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "लई चुकलं, प्रयागबाई." आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे ते कसं म्हणतात याचा सराव नव्हता.

"झाकण काढा," त्या म्हणाल्या. "गोळे झाले असन."

गोळे झाले होते. एकही फुटला नव्हता. आम्ही दोघींनी फोडणीचं तेल घालून भात खाल्ला.

संध्याकाळी मी मोनालीजवळ गेले. म्हटलं, "मी आत येणार नाही. बाहेर बसेन. तुझ्या आईले आधी ती खोली दाखवून आणू, मग तिची भीती जाईल." ती माझ्याकडे पाहत राहिली. आईनं सांगितलं हे तिला कळलं. "बरं, मम्मी," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, ती काहीतरी गोड बोलेल. नाही बोलली. बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सदरला गेलो. वैदेही सिस्टरनं प्रयागबाईंना खोली दाखवली. पडदे, धरायला दोर, बसायला मोठा रबरी चेंडू. प्रयागबाई चेंडूला हात लावून पाहत म्हणाल्या, "यावर बसू देते का बाईले? आम्हाले तं कूस बी बदलू देत नव्हते." म्हणाल्या आणि चटकन माझ्याकडे पाहून गप्प झाल्या. मी पलंगाची उंची पाहत होते. खाली एक कळ होती. पायानं दाबली की पलंग वर यायचा. ठोकळ्यांचीही गरज नाही.

मग आठवड्यानं तो दिवस आला. सकाळी दहाला दवाखान्यात, अकराला प्रयागबाई मोनालीसोबत आत. प्रशिक खाली औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत होता. मी दारासमोरच्या बाकावर बसले. दार अगदी समोर. माझ्यासारख्या बाईला मिटलेल्या दाराबाहेर बसवणं म्हणजे काय असतं, ते मलाच माहीत. आतून चालण्याचा आवाज आला की मी कयास बांधायचे: आता इतकं उघडलं असेल, आता पाणी गेलं असेल. उठून फटीतून डोकवावं असं दहा वेळा वाटलं. मी हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. मुंग्या आल्या तरी काढले नाहीत.

एकच्या सुमाराला दार उघडलं आणि प्रयागबाई बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. भिंतीला धरून त्या माझ्याजवळ आल्या आणि बाकावर कोसळल्याच.

"मले नाई होत, सिस्टर. तिचा जीव कासावीस होऊन राहिला आन मले माहंच दिसून राहिलं सगळं." त्यांनी माझा दंड धरला. "मोनानं तुम्हाले बलावलं. जा. पण म्हणे, काई बोलाचं नाई."

मी उठले.

आत मोनाली कुशीवर होती. दुपारचं ऊन पडद्यातून पिवळं येत होतं. वैदेही सिस्टर कोपऱ्यात कागद लिहीत होती. मी स्टूल ओढून सुनेच्या तोंडासमोर बसले आणि हात मांड्यांखाली घातले. तिनं ते पाहिलं. मेघानं तिला कधीतरी सांगितलं असावं, कारण तिच्या ओठांची कड हलली.

मग कळ आली. तिनं डोळे गच्च मिटले, उशीचं टोक तोंडात धरलं, आणि सगळं अंग ताठ करून ती कळ तशीच पार पाडली. आवाज नाही. दुसरी आली, तशीच. कपाळावरची शीर तटतटली, दात उशीत रुतले, डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. मी मनात म्हटलं, किती सोसते पोरगी! आणि लगेच कळलं. ती सोसत नव्हती. ती माझ्यासमोर ओरडत नव्हती. लहानपणापासून ती एकच गोष्ट ऐकत आली होती: बाळंतपणात जी रडते तिला सिस्टर मारते. ती सिस्टर समोर स्टुलावर बसली होती.

मला बोलू नको सांगितलं होतं. मी त्या पोरीचा शब्द मोडला. हात मांडीखालून काढला नाही, फक्त पुढे वाकले आणि म्हटलं, "रड, माय. मोठ्यानं रड वं. इथं तुले कोणी काई म्हणत नाई."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पुढची कळ येतच होती. उशी तोंडातून सुटली आणि ती ओरडली. असं ओरडली, की वैदेही सिस्टरच्या हातातला पेन थांबला. तिचा हात चाचपडत माझ्याकडे आला, तेव्हा मी माझा हात बाहेर काढला. तिनं तो पकडला आणि पुढचा दीड तास सोडला नाही. मी दर कळेला तेच म्हणत होते, "रड, पोरी, रड," आणि आवाज माझा तसाही मोठाच.

पावणेतीनला मुलगी झाली. नाळ वैदेही सिस्टरनं कापली. मी पाहत राहिले, आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही. रक्त बेताचंच गेलं. मोनालीनं बाळाला छातीवर घेतलं आणि मग आठवण झाल्यासारखी म्हणाली, "मम्मी, आईले सांगा ना."

मी बाहेर आले. प्रयागबाई त्याच बाकावर होत्या, पदर तोंडाशी धरून. "पोरगी झाली," मी म्हटलं. "दोघीही ठणठणीत. चला, पाहून घ्या."

त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत.

"मी इथून आयकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिले रड म्हणत होत्या."

"हो."

"किती येळा म्हणलं?"

"नाही मोजलं."

मग त्या रडायला लागल्या. पदर सुटला, मान वर झाली, आणि दवाखान्याच्या त्या भर व्हरांड्यात, येणारे जाणारे थांबून पाहत असताना, माझी विहीण तोंड उघडून मोठ्यानं रडू लागली. जिन्यावरून प्रशिक धावत आला, "काय झालं? मम्मी, काय झालं?" मी त्याला हातानं थांबवलं. शेजारच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "अवं, गप करा ना त्याईले."

मी त्यांच्याजवळ बसले, हात मांड्यांखाली घातले, आणि त्यांना गप्प केलं नाही.